वावरातला काळा दगड: अशनी की बेसाल्ट, आणि तो विकावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर वाचताना घोळ होणार नाही. नरखेड तालुक्यात तुमच्या संत्र्याच्या बागेलगतच्या धुऱ्यावर माती उकरताना तुम्हाला १ किलो ८४० ग्रॅम वजनाचा काळा दगड सापडला. त्याला चुंबक चिकटते. शेजारच्या काटोलला २०१२ साली आकाशातून दगड पडले होते, म्हणून हाही त्यांतलाच असावा असे तुम्हाला वाटते. ओळखीच्या सराफाने सोन्याचा टंच काढण्याच्या यंत्रावर तो तपासून दिला, आणि कागदावर लोखंड ६१ टक्के, टायटॅनियम ४ टक्के, इरिडियम १.१ टक्के व प्लॅटिनम ०.८ टक्के असे आकडे आले. निकेलचे नाव त्यात नाही. मोबाइलवरून संपर्कात आलेला एक खरेदीदार १८ लाख रुपये द्यायला तयार आहे, मात्र त्याआधी ‘प्रमाणपत्रासाठी’ तुम्ही ३५ हजार रुपये भरावेत असे तो सांगतो. ही किंमत रास्त आहे का आणि पैसे भरावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

पैसे भरू नका. एवढे उत्तर आजच्यापुरते पुरेसे आहे. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

किमतीच्या प्रश्नाआधी दोन प्रश्न सुटायला हवेत, ते म्हणजे दगड नेमका काय आहे आणि अशनी ठरलाच तर तो विकण्याचा अधिकार तुम्हाला आहे का. मी बरीच वर्षे भूविज्ञान शिकवले आणि त्या काळात लोकांनी पिशवीतून, फडक्यातून, एकदा तर देव्हाऱ्यातल्या तबकातून आणलेले शेकडो ‘आकाशातले दगड’ पाहिले. त्यांपैकी खरे अशनी निघालेले दगड एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि ते एकतर कोणाच्या तरी डोळ्यांदेखत पडलेले होते किंवा परदेशातून विकत आणलेले होते. महाराष्ट्रातल्या शेतात नुसता पडलेला दिसला म्हणून उचललेला आणि पुढे अशनी ठरलेला एकही दगड माझ्या हातात आलेला नाही. असे घडूच शकत नाही असे मी म्हणत नाही. तुमचा दगड पाहताना मी कोणत्या अनुभवातून पाहतो आहे, ते तुम्हाला ठाऊक असावे एवढ्यासाठी हे सांगितले.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांत मला तीन गोष्टी दिसल्या. एका बाजूला वाटाण्याएवढी आणि त्याहून लहान भोके आहेत. त्यांतली काही भोके पांढऱ्या, स्फटिकासारख्या पदार्थाने भरलेली आहेत. फुटलेल्या कडेला आतला रंग बाहेरच्या रंगापेक्षा फारसा वेगळा नाही. छायाचित्रावरून शेवटचा निर्णय देऊ नये हे मान्य, पण या तिन्ही खुणा एकत्र आल्या की मला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा आठवतो. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बाहेर पडू पाहतात आणि फुगे तसेच गोठून राहतात. पुढे खडकातून झिरपणारे पाणी त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटीच्या जातीची खनिजे आणून बसवते. अशनीत अशी भरलेली भोके नसतात. सर्वसाधारण दगडी अशनीत मुळात भोकेच नसतात.

चुंबकावर तुमचा मोठा भर आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइटचे बारीक कण विखुरलेले असतात. दोरीला टांगलेले चुंबक त्याच्याजवळ नेले तर ते थोडे ओढले जाते, आणि हल्ली बाजारात मिळणारे लहानसे पण जोरकस नियोडिमियम चुंबक तर त्याला चिकटूनही बसते. तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात ‘चुंबक चिकटते’ या वाक्याला जवळपास काहीच अर्थ उरत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात दियोदर भागातल्या दोन गावांत जे तुकडे पडले, ते ऑब्राइट नावाच्या दुर्मीळ जातीचे होते. या जातीच्या दगडात लोहधातू फार थोडा असतो, त्यामुळे केवळ चुंबकावर विसंबणाऱ्याने तो दगड बाजूला टाकून दिला असता. आणखी एक विनंती अशी की यापुढे कोणत्याही संशयित दगडाला जोरकस चुंबक घासू नका. खऱ्या अशनीत त्याच्या जन्मकाळच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद जपलेली असू शकते, आणि असे चुंबक ती क्षणात पुसून टाकते. जगभरातल्या संग्राहकांनी हौसेने चुंबक लावून कितीतरी मौल्यवान नमुन्यांतली ही माहिती घालवली आहे.

आता सराफाच्या कागदाकडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे, फक्त तुम्ही समजता त्याच्या उलट दिशेने. सराफाचे यंत्र दगडावर क्ष-किरण सोडते आणि परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्ये ओळखते. सोने, चांदी, तांबे यांच्यासाठी ते चोख काम करते. मात्र ऑक्सिजन त्याला दिसत नाही, आणि सिलिकॉन, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांसारखी हलकी मूलद्रव्ये धातूंसाठी बेतलेल्या मांडणीत मोजली जात नाहीत. खडकाचा बहुतेक भाग याच मूलद्रव्यांचा बनलेला असतो. तेव्हा यंत्र दगडाचा मोठा हिस्सा वगळते, उरलेल्या थोड्यालाच शंभर टक्के धरते आणि त्यात लोखंडाचा वाटा ६१ टक्के असल्याचे छापते. प्रत्यक्षात बेसाल्टमध्ये लोहाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते. इरिडियम आणि प्लॅटिनमचे आकडे बहुधा इतर मूलद्रव्यांच्या रेषा एकमेकींवर चढल्यामुळे आलेले आहेत, कारण हे यंत्र मौल्यवान धातू शोधण्यासाठीच बनवलेले असल्याने जराशी शंका आली तरी त्यांचेच नाव पुढे करते.

या आकड्याची शहानिशा घरबसल्या करता येते. सर्वसाधारण दगडी अशनीच्या एका टनात इरिडियम अर्धा ते पाऊण ग्रॅम असते. तुमच्या कागदावरचे १.१ टक्के खरे मानले तर एका टनात ११ किलो इरिडियम भरेल. असा दगड पृथ्वीवरही नाही आणि आकाशातूनही आजवर पडलेला नाही. आता टायटॅनियम पाहा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम भरपूर असते, दगडी अशनीत ते नाममात्र असते. निकेलचे नेमके उलट आहे. सर्वसाधारण दगडी अशनीत ते एक टक्क्याच्या वर असते, लोखंडी अशनीत साधारण पाच टक्क्यांपासून पुढे, आणि हे यंत्र निकेल अगदी नीट ओळखते. टायटॅनियम ४ टक्के आणि निकेल शून्य, एवढ्या दोनच ओळी कोणी मला कागदावर लिहून दिल्या असत्या तरी दगड न पाहता मी बेसाल्ट म्हटले असते. सराफाला दोष देण्याचे कारण नाही. त्याने त्याच्या यंत्राचे काम केले, आपण त्याला भलताच प्रश्न विचारला.

घरी करण्याजोगी एक चाचणी मात्र मी आग्रहाने सुचवीन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याने अर्धे भरलेले पातेले ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दगडाला मजबूत दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. आता काट्यावर जो आकडा दिसेल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच दगडाचे घनसेंटिमीटरमधले आकारमान. दगडाच्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. तुमच्या १८४० ग्रॅमच्या दगडासाठी हिशेब करून ठेवला आहे: तो बेसाल्ट असेल तर काट्यावर साधारण ६१० ते ६६० दिसेल, सर्वसाधारण दगडी अशनी असेल तर ५४० च्या आसपास, आणि लोखंडी अशनी असेल तर २४० च्या जवळ. दगडात भोके असल्यामुळे तुमचा आकडा थोडा वर सरकला तरी नवल वाटायला नको. त्याआधी काट्याची क्षमता तेवढी पाहून घ्या, कारण पातेले, पाणी आणि वर हा आकडा असा सगळा भार त्याच्यावर येतो.

इथे एक इशारा देतो. ही चाचणी तुमच्यासारख्या, कित्येक पावसाळे शेतात काढलेल्या दगडासाठी आहे. कोणाच्या डोळ्यांदेखत दगड पडला असेल तर त्याला पाण्याचा थेंबही लावू नये. ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे पडलेला दगड कार्बनयुक्त जातीचा होता आणि पडता पडताच त्याचे तुकडे झाले. असे दगड ठिसूळ असतात आणि ओलावा शोषून घेतात. ते धुणे म्हणजे त्यांच्यातली माहिती मोरीत सोडून देणे होय.

घनतेबरोबर बाहेरची साल पाहावी. वातावरणातून येताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि थिजतो, त्यामुळे ताज्या अशनीवर काळी साल असते, पण ती अगदी पातळ, बहुतेक वेळा एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची. कडेला टवका उडालेला असेल तर करवंटीच्या आत खोबरे दिसावे तसा काळ्या कडेखाली करडा, फिकट गाभा दिसतो. तुमच्या दगडात आत-बाहेर एकच रंग आहे. काही अशनींवर मळलेल्या कणकेत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असतात. लोक हे खळगे आणि बेसाल्टची भोके यांत गल्लत करतात. खळगा उथळ आणि कडा गोलसर असलेला असतो, भोक खोल आणि धारदार कडेचे असते, आणि एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा चूक होत नाही. त्यानंतर एक कोपरा कानशीने चिमूटभर घासून भिंगातून पाहावा. सर्वसाधारण दगडी अशनीत करड्या पार्श्वभूमीवर धातूचे चकाकणारे कण विखुरलेले दिसतात आणि पुष्कळदा मोहरीएवढे गोल दाणेही दिसतात. या गोलकांना कॉन्ड्रूल म्हणतात, आणि ते पृथ्वीवरच्या कोणत्याही खडकात तयार होत नाहीत.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी एक अपवाद नोंदवतो. मंगळावरून आलेल्या दगडांची एक मोठी जात शेरगोटाइट या नावाने ओळखली जाते. हे नाव बिहारमधल्या शेरघाटीवरून पडले, जिथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी असा पहिला दगड पडला. हे दगडही मूळचे बेसाल्टच आहेत, फक्त मंगळावरचे. त्यांत कॉन्ड्रूल नसतात आणि धातूचे कणही नसतात. म्हणजे ‘आत धातू दिसला नाही’ एवढ्यावरून दगड बाद होत नाही. तरी त्यांनाही वितळलेली साल असते, आणि झिओलाइटने भरलेली भोके त्यांना नसतात. तुमच्या दगडासाठी हे दार उघडे ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी थोडे, कारण अशनीशी साम्य सांगणाऱ्या दगडांची तुमच्याकडे जत्राच आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत, आणि तिथले खनिज काळे व हाताला चांगलेच जड लागते. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज आहे. ओळखण्यासाठी न्हाणीघरातल्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगड तिच्यावर ओढा. लाल-तपकिरी रेघ उमटली तर हेमाटाइट, काळी उमटली तर मॅग्नेटाइट किंवा मँगनीजचे खनिज. खरा अशनी सहसा रेघ सोडत नाही.

तिसरी वस्तू सर्वांत फसवी, ती म्हणजे लोहकीट, ज्याला वैद्य मंडूर म्हणतात आणि कारखान्यातले लोक स्लॅग. लोखंड गाळल्यावर उरणारा हा मळ काळा, जड, वितळल्यासारखा दिसणारा आणि अनेकदा चुंबकाला ओढला जाणारा असतो. त्याने मलाही एकदा चकवले आहे. एका विद्यार्थ्याने आणलेला मुठीएवढा गोळा मी हातात घेतला, वजन जोखले, वरची गुळगुळीत काळी साल पाहिली आणि वर्गासमोर तो लोखंडी अशनी असल्याचे सांगून मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात तो कापला तेव्हा आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बुडबुडे होते आणि एका बुडबुड्यात कोळशाचा तुकडा अडकलेला होता. अवकाशात कोणी कोळसा पेटवत नाही, हे मला त्याच वर्गासमोर सांगावे लागले. तेव्हापासून कापल्याशिवाय मी कोणत्याही दगडाला अशनी म्हणत नाही. मात्र तुमच्या भागात लोहकीट सापडले तर तेही फेकू नका. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड येथे महापाषाणकाळातली लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली आहे, तेव्हा शेतातला असा ढीग पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाचा असू शकतो.

इथवरचे थोडक्यात असे की, भरलेली भोके, आत-बाहेर एकच रंग, भरपूर टायटॅनियम आणि निकेलचा अभाव, या चारही खुणा बेसाल्टकडे बोट दाखवतात. पाण्यातल्या वजनाचा आकडा आला की शंकेला जागा उरणार नाही.

आता विक्रीबद्दल. तुमच्याशी बोलणाऱ्या खरेदीदाराची पद्धत मला ओळखीची वाटते. ‘राइस पुलर’ नावाच्या तांब्याच्या भांड्याची फसवणूक तुम्ही ऐकली असेल: वीज पडलेल्या या भांड्यात इरिडियम असते, ते तांदूळ ओढते आणि परदेशी अवकाशसंस्था ते कोट्यवधींना घेते, असे सांगून आधी तपासणीचे, मग शास्त्रज्ञाच्या प्रवासाचे, मग किरणोत्सर्गापासून बचाव करणाऱ्या पोशाखाचे पैसे उकळले जातात. २०१८ साली दिल्ली पोलिसांनी अशा प्रकरणात एका बाप-लेकाला अटक केली होती, आणि तिथे एका व्यापाऱ्याचे कोटीहून अधिक रुपये गेले होते. दगडाच्या बाबतीत संहिता तीच, फक्त भांड्याच्या जागी अशनी येतो. इरिडियम हा शब्दही तोच राहतो, हे लक्षात घ्या. खऱ्या व्यवहारात घेणारा स्वतःच्या खर्चाने तपासणी करतो किंवा नमुन्याचा तुकडा मागतो; विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागणारा ग्राहक दगडाचा ग्राहक नसतो. स्टॅम्पपेपरवर करार करून देतो म्हणाला तरी भुलू नका.

खरा अशनी कागदावर सिद्ध कसा होतो, तेही समजून घ्या, म्हणजे ३५ हजारांच्या ‘प्रमाणपत्राची’ किंमत कळेल. संशोधनसंस्थेत दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यातल्या ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या खनिजांची रासायनिक घडण मोजतात आणि वर्ग ठरवतात. मग मेटिओरिटिकल सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नामकरण समितीकडे प्रस्ताव जातो. नियमाप्रमाणे २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्य संग्रहात ठेवावा लागतो. समितीने मान्यता दिली की त्याला सापडलेल्या जागेचे नाव मिळते आणि त्याची नोंद संस्थेच्या जाहीर यादीत येते. ही यादी कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेव्हा कोणी तुम्हाला ‘प्रमाणित’ अशनी विकू लागला तर आधी त्याचे नाव या यादीत शोधा. सोनेरी शिक्क्याचा, चकचकीत लॅमिनेशन केलेला कागद त्याची जागा घेऊ शकत नाही.

किमतीबद्दलच्या कथा निम्म्याच सांगितल्या जातात. १ ऑगस्ट २०२० रोजी इंडोनेशियात सुमात्रा बेटावरच्या कोलांग येथे शवपेट्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या घराचे छप्पर फोडून सुमारे २ किलोचा दगड आला, आणि तो रातोरात कोट्यधीश झाल्याचे मथळे जगभर झळकले. प्रत्यक्षात त्याला सुमारे १४ हजार डॉलर मिळाले होते. दुसरे टोक म्हणजे नायजरमध्ये सापडलेला जवळपास साडेचोवीस किलोचा मंगळाचा दगड, जो जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ५३ लाख डॉलरना गेला. पण त्यानंतर नायजर सरकारने तो देशाबाहेर कसा गेला याची चौकशी सुरू केली. या दोन टोकांच्या मध्ये रोजचा बाजार आहे, आणि तिथे सहारा वाळवंटातल्या साध्या, गंजलेल्या, वर्गवारी न झालेल्या दगडी अशनीला ग्रॅममागे एखाद-दुसरा डॉलर, कधी त्याहूनही कमी मिळतो. म्हणजे तुमचा दगड अशनी निघाला असता, तरी केवळ वजनावर १८ लाखांचा हिशेब जमवणे कठीणच होते.

शिवाय मालकीचा प्रश्न राहतोच. भारताच्या भूमीवर पडलेल्या किंवा सापडलेल्या अशनींचे जतन करण्याची जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, आणि राष्ट्रीय संग्रह कोलकात्याला आहे. शेत तुमचे, सातबारा तुमच्या नावावर, म्हणून दगडही तुमचाच, असे गृहीत धरून तो विकणे किंवा परदेशी पाठवणे अडचणीचे ठरू शकते. नेमके काय लागू होते ते दगड कधी, कुठे आणि कसा मिळाला यावर अवलंबून आहे, आणि मी वकील नाही; पण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की इथे मिळालेल्या दगडाचा सौदा करण्याआधी सर्वेक्षणाला लेखी कळवा. परदेशात कायदेशीर मार्गाने विकत घेतलेल्या, बिल असलेल्या नमुन्याची गोष्ट वेगळी. तुम्हाला संग्रहाची हौस आहे हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, आणि ती हौस भागवायला बिलासहित घेतलेला छोटासा प्रमाणित तुकडा पुरेसा आहे. आकाशातून आलेले प्रत्येक वजनदार काहीतरी अशनी नसते, हेही ध्यानात असू द्या. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले, ते रॉकेटचे अवशेष होते. अशा वस्तूंची मालकी १९६७ च्या अवकाश करारानुसार ती सोडणाऱ्या देशाकडेच राहते, त्यामुळे ती भंगारात घालणेही चुकीचे.

काटोलचा दाखला तुम्ही दिलात, म्हणून त्या प्रकरणातून शिकण्यासारखे सांगतो. २२ मे २०१२ रोजी तिथे दुपारच्या वेळी मोठे आवाज झाले आणि दगड पडले. सुमारे १३ किलो वजनाचे तुकडे मिळाले आणि ते एल-६ वर्गाचे कॉन्ड्राइट, म्हणजे कॉन्ड्रूल असणाऱ्या दगडी अशनींच्या जातीचे, ठरले. वर्ग तसा सामान्यच, बाजाराच्या हिशेबाने नजरेत न भरणारा. पण त्याच दगडांतल्या, धडकेने वितळून तयार झालेल्या बारीक शिरांमध्ये संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज मिळाले, जे पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरपेक्षा खोल असते आणि तिथून आपल्या हाती कधी लागत नाही. हे शक्य झाले, कारण तुकडे वेळेत प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले आणि कुठले आहेत ते ठाऊक होते. देव्हाऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे गेलेल्या तुकड्यांनी काहीच सांगितले नसते.

उद्या तुमच्या गावात खरोखरच दगड पडला, तर तो जागेवरून हलवण्याआधी शेजारी नाणे किंवा फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा, खड्डा असेल तर त्याचे माप घ्या आणि मगच स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून दगड कोरड्या पिशवीत ठेवा. उघड्या हाताने शक्यतो धरू नका. तहसीलदाराला आणि सर्वेक्षणाला त्याच दिवशी कळवा, कारण ताज्या अशनीतली काही किरणोत्सारी मूलद्रव्ये दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या हिशेबाने विरून जातात आणि ती मोजायची तर घाई करावी लागते.

तुमच्या हातातल्या दगडाला मात्र घाई नाही. पाण्यातले वजन घ्या आणि आकडा कळवा. तो ६०० च्या वर आला, तर खरेदीदाराचा क्रमांक बंद करा आणि दगड तुमच्या संग्रहात ‘झिओलाइटने भरलेला बेसाल्ट, नरखेड’ अशी चिठ्ठी लावून ठेवा. महाराष्ट्रातल्या खाणींतले सुबक झिओलाइट जगभरचे संग्राहक आवडीने घेतात, तेव्हा त्याला कमी लेखू नका. आकडा ५६० च्या खाली आला, तर मी चुकलो असण्याची शक्यता आहे. तेव्हा दगड घेऊन नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात जा आणि सोबत सापडल्या जागेचे छायाचित्र न्या. वजन घेताना दोऱ्याची गाठ पाण्याच्या वर राहू द्या आणि दगड बुडवल्यावर पाण्यात एकदा हलकेच गोल फिरवा, म्हणजे भोकांत अडकलेली हवा निघून जाईल. तिच्यामुळे आकडा फसवा येतो.